मागचं शटर

आग लागलेल्या जागा बघणं हेच माझं काम. विमा कंपनी पाठवते, मी जाते, फोटो काढते, किती माल जळला याचा अंदाज बांधते. त्यामुळे काळ्या पडलेल्या भिंतींची मला कधी भीती वाटली नव्हती. कोलशेतच्या त्या गोदामाकडेही मी दुपारचा डबा खाऊन निवांत निघाले होते.

गोदाम स्प्रिंगच्या गाद्यांचं. आठवड्यापूर्वी जळलं आणि रखवालदार गोविंदा आतच गेला. त्याची बायको शालू गेटपाशी उभी होती. मला बघून पुढे आली.

"ताई, ते बिडी पीत नव्हते हो. सगला गाव मना तोंडावर बोलतो, तुझ्या नवऱ्यानं जाळलं म्हणून."

मी काही बोलणार तेवढ्यात मालक आला. सलिल नाव त्याचं. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज. मला आत नेता नेता म्हणाला, "बिडी ओढतच झोपायचा, मॅडम. कितीदा बजावलेलं. स्वतः गेला आणि मलाही बुडवून गेला."

आत शिरले. पत्रे वाकून खाली आले होते, त्यातून उन्हाच्या पट्ट्या पडल्या होत्या. जळक्या फोमचा गोडसर, घशाला चिकटणारा वास. पायाखाली राख. नुसती राखच. मी चपलेने ती उकरत राहिले. कापड जळतं, फोम जळतो, पण स्प्रिंगा जळत नाहीत. गोदाम गच्च भरलेलं होतं म्हणतात, मग स्प्रिंगांचे ढीग कुठे होते? एका कोपऱ्यात चारदोन गुंडाळ्या, बस्स. माल आगीच्या आधीच हलवलेला होता.

मी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. "मागची बाजू बघू या," एवढंच म्हणाले.

"मागे काही नाही. शटर आहे, ते उष्णतेने जाम झालं. तिथेच सापडला तो." तरीही तो माझ्या मागोमाग आला.

गोदामाला वळसा घालून आम्ही खाडीच्या बाजूला गेलो. गवत कमरेएवढं वाढलेलं. वारा नव्हता. पक्षीसुद्धा नव्हते. मी कॅमेरा वर केला आणि समोरचं लोखंडी शटर थरथरलं.

आतून कोणीतरी तळहाताने थापा मारत होतं. जोरात नाही… दमलेल्या माणसासारख्या. मग खोकला. आणि मग घोगरा, कोरडा पडलेला आवाज.

"शेठ… कुलूप काढा ना शेठ…"

आत्ताच तर मी आतून आले होते. आत कोणीच नव्हतं.

मी सलिलकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. पण तो माझ्याकडे बघत नव्हता, शटरकडे बघत होता. आणि अगदी हळू, समजूत काढल्यासारखा बोलला, "गोविंदा, तू रजेवर होतास ना रे… तू आत आहेस हे मला कुठे ठाऊक होतं…"

थापा थांबल्या.

मी गवत बाजूला सारलं. शटरच्या खालच्या कडीत कुलूप होतं. काजळीने काळं झालेलं, बाहेरून लावलेलं. कसाबसा त्याचा फोटो काढला. पण आतला खोकला पुन्हा सुरू झाला, तेव्हा मला राहवलं नाही. पडलेली सळई उचलली आणि कडीवर घाव घातले. कडी तुटली. मी शटर वर ढकललं.

आत ऊन होतं आणि राख होती. गरम हवेचा झोत माझ्या अंगावरून बाहेर गेला, इतकंच.

सलिल तिथेच गवतात बसला. मी पोलिसांना फोन केला, ते येईपर्यंत तो उठला नाही. विचारायच्या आधीच त्याने सगळं सांगून टाकलं: माल आधी हलवला, आत कोणी नाही समजून कुलूप घातलं आणि आग लावली. विम्याचा दावा फेटाळला गेला, त्याला अटक झाली. गोविंदाच्या नावावरचा डाग पुसला गेला. गावाने शालूची माफी मागितली, असं कानावर आलं. मला बरं वाटलं.

परवा संध्याकाळी शालू माझ्या डोंबिवलीच्या घरी आली. खाडीतली कोळंबी आणली होती. मी चहा टाकला. ती खुर्चीच्या कडेवर बसून राहिली, कप तसाच हातात.

"ताई, हे रोज घरी येतात," ती म्हणाली. "मना त्यांचं भ्या नाय वाटत. ओसरीवर बसतात गप. पण… एकटे नाय येत."

"म्हणजे?"

"सोबत एक माणूस असतो. आमच्या गावचा नाय. तोंड दिसत नाय त्याचं. हे सारखे सांगतात मना, तो माझ्याआधीपासून तिथं होता म्हणून."

गोदामात एकच प्रेत मिळालं होतं. मी कागद स्वतः बघितले होते.

"तो एकच विचारतो, ताई. शटर कोणी उघडलं… ती कुठं राहते? मी कायपण नाय सांगितलं. आईशपथ." तिचे डोळे भरून आले. "पण आज तुमच्याकडं निघाले, तर दोघं पण रिक्षात बसले."

मी उठून खिडकीशी गेले. खाली दिवे लागले होते, भाजीवाल्यांची गर्दी होती. मला कोणीच वेगळं दिसलं नाही.

शालू माझ्या खांद्यामागून वाकून खाली बघत होती.

"ताई…" ती कुजबुजली, "खाली हे एकटेच उभे हायत."