दिव्याची तक्रार

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझ्या मित्रांनी घेतलंय. मी दिवसभर इतक्या थापा मारतो की एखादी खरी गोष्ट सांगायला गेलो तर लोक टाळीसाठी हात पुढे करतात. पण हे घडलंय. माझ्या सख्ख्या आईसमोर घडलंय, आणि माझ्या आईला विनोद कळतच नाही.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

जागा... आमच्या गावच्या नगरपालिकेची कचेरी. तळमजला. अर्ज घ्यायची खिडकी. सुट्टीचा दिवस असला तरी भूत आलं ते कचेरीच्या वेळेतच. शिस्त म्हणजे शिस्त.

आई तिथे मुख्य लिपिक. त्या वर्षी तिच्या कचेरीला वरून बक्षीस जाहीर झालं होतं. कशासाठी? तर एकही प्रकरण प्रलंबित नाही म्हणून. शून्य! आई निवृत्तीला आलेली. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिला कुणी साधं ‘छान’ म्हटलं नव्हतं. आम्ही घरच्यांनी तर नाहीच.

कार्यक्रमात दाखवायला कचेरीच्या कामगिरीची एक छोटी फिल्म हवी होती. ती मी करायची ठरलं, कारण मी कलाकार आहे. म्हणजे बेकार आहे आणि माझा फोन चांगला आहे.

आम्ही तिघंच होतो. मी, आई आणि भोंगा. भोंगा म्हणजे तिथला शिपाई. त्याने खिडकीतून हाक मारली की समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा उठून उभी राहायची, म्हणून हे नाव. पण बक्षिसाच्या वर्षी हाक मारायचं काम त्याच्याकडून काढून घेतलं होतं. का, ते मला माहीत नव्हतं.

“बाकडं रिकामं दिसू दे,” आई म्हणाली. “इथं कुणाला ताटकळावं लागत नाही, हे कळलं पाहिजे.”

“आई, आज सुट्टी आहे. आज तर शाळेचं बाकडंपण रिकामं असेल.”

“जास्त बोलू नकोस. धर तो फोन.”

मी फोन धरला. आई खिडकीत बसली. आता तिने लोकांना बोलावतात तशी एक हाक मारायची होती.

“काय म्हणू?”

“काहीही म्हण. सुचेल ते काम.”

आई क्षणभर थांबली. मग म्हणाली, “दिव्याची तक्रार...”

अगदी हळू. ओठ जेमतेम हलले.

“आई, झोपलेल्या बाळाला उठवायचं नाहीये. मोठ्याने!”

“आम्ही अशीच मारतो हाक.”

भोंगा भिंतीकडे बघायला लागला.

आईने पुन्हा तशीच हाक मारली. मग तिसऱ्यांदा.

आणि बाकड्याच्या टोकाकडून आवाज आला...

टक.

मला वाटलं, नळ गळतोय.

टक... टक...

भोंग्याचा चेहरा उतरला. “धाकटे साहेब, फोन बंद करा.”

“अहो, चांगलं येतंय...”

“बंद करा म्हणतो ना!”

घरी येऊन मी ते चित्रण लावलं. बाकडं रिकामं. भिंत रिकामी. आईची हाक ऐकू येत नव्हती, इतकी ती हळू होती. पण तिसऱ्या हाकेनंतर...

“आलो... आलो हं... थांबा जरा.”

म्हाताऱ्या माणसाचा आवाज. दमलेला. थोडा लाजलेलासुद्धा, आपल्यामुळे लोकांचा खोळंबा होतोय म्हणून.

मी तसाच भोंग्याच्या घरी गेलो. त्याला ऐकवलं. त्याने फोन पालथा करून ठेवला.

“छत्रीवाले आजोबा,” तो म्हणाला. “छत्र्या दुरुस्त करायचे. त्यांच्या गल्लीच्या पायऱ्यांवरचा दिवा गेला होता, त्याची तक्रार घेऊन यायचे. गुडघे गेलेले. छत्री टेकत टेकत चालायचे.”

“मग?”

“मग काय? तीन वेळा हाक मारायची, कुणी आलं नाही की ‘तक्रारदार गैरहजर’. प्रकरण निकाली. मी मारली असती तर त्यांना पहिल्याच हाकेला ऐकू आली असती. म्हणून तर मला मागच्या खोलीत बसवलं. ते शून्य काय आकाशातून पडलं होय?”

“ही युक्ती कुणाची?”

भोंगा आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजला.

“बाईंची.”

“आणि आजोबा?”

“त्याच पायऱ्यांवरून पडले. अंधारात. तिथंच गेले.”

घरी आलो तेव्हा आई आरशासमोर आभाराचं भाषण पाठ करत होती. मला बघून लाजली. “बरं होतंय का रे?” तिने विचारलं.

मला तिच्याकडे बघवेना.

“छान,” मी म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हटलं, तेही असं.

मग खोलीत जाऊन मी तो आवाज पुसला. त्यावर जोरदार संगीत टाकलं. आधी बक्षीस घेऊ दे तिला, पुढचं पुढे बघू... असलं काहीतरी.

कार्यक्रम सभागृहात होता. गर्दी चिक्कार, कारण नंतर चहा होता. पाहुण्यांनी आईच्या हातात चषक दिला आणि फिल्म सुरू झाली. झाडलेले जिने. चकचकीत कपाटं. रिकामं बाकडं.

तिथे संगीत थांबलं.

आपोआप.

“आलो... आलो हं... थांबा जरा.”

सगळ्या सभागृहाने ऐकलं. पाहुणे भले माणूस. माईकवर म्हणाले, “कोण आहे? येऊ द्या त्यांना, येऊ द्या.”

सगळे दाराकडे वळले.

दारात कुणी नव्हतं.

टक...

टक...

खुर्च्यांच्या मधल्या वाटेने. अगदी सावकाश. लोकांनी पाय आत घेतले. का घेतले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तिला काय समजायचं ते समजलं असावं, कारण तिने चषक टेबलावर ठेवला. आणि मी घरात कधीच ऐकला नव्हता अशा खणखणीत आवाजात म्हणाली,

“या! मी थांबलेय.”

टक... टक... टक...

व्यासपीठाच्या पायऱ्यांपाशी आवाज थांबला.

पायऱ्या होत्या ना.

आई खाली उतरली. हात पुढे केला. “हळू,” ती म्हणाली. “ही एक पायरी. आता ही दुसरी. झालं.” रिकाम्या हवेला धरून माझी आई गावासमोर व्यासपीठावर चढली. मला खुर्चीखाली शिरावंसं वाटलं. मग तसं वाटल्याचीच जास्त लाज वाटली.

तिने माईक घेतला. पाठ केलेलं भाषण केलं नाही.

“आजोबा, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणूनच मी हळू हाक मारायला लावली होती. दिव्याची तक्रार ना? सांगा.”

मागून कुणीतरी सवयीने टाळ्या वाजवल्या. शेजारच्याने त्याचा हात धरला.

पुढे काही ऐकू आलं नाही. आई मात्र मान हलवत राहिली. बराच वेळ.

घरी आल्यावर पाहिलं, तर तिच्या तळहातावर गंजाचा आडवा डाग होता. छत्रीच्या दांडीएवढा. साबणाने गेला नाही.

बक्षीस परत गेलं. दिवा लागला. आई स्वतः तिथे उभी राहिली, तो लागेपर्यंत. मग निवृत्त झाली. आता कचेरीत भोंगा हाक मारतो आणि प्रकरणं ढिगाने प्रलंबित आहेत.

एवढ्यावर संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं.

मी पहिल्यापासून आळशी. आईने जेवायला हाक मारली की पडल्या पडल्या “आलो, आलो” म्हणायचो आणि जागचा हलायचो नाही. हल्ली पहिल्या हाकेला उठतो. आईला वाटतं, पोरगा सुधारला.

परवा तिने हाक मारली तेव्हा मी तिच्या मागेच उभा होतो. तोंडातून शब्द काढला नव्हता.

आतल्या खोलीतून आवाज आला...

“आलो... आलो हं...”

घरात तिसरं कुणी नव्हतं. मी आईचा दंड घट्ट धरला. तिने वाढायचं थांबवलं, हात पुसले आणि दाराकडे तोंड करून बसली.

“बस तूही,” ती म्हणाली. “घाई करायची नाही. त्यांना वेळ लागतो.”