वाचलं : मनर्कणाबाई

कारंज्यात गुलाबबाईंच्या घरी मी चोवीस वर्षं धान्य निवडलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनीच मला अक्षरं शिकवली, ओसरीवर, तुरीच्या ढिगाशेजारी बसून.

त्यांच्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर एक चिठ्ठी चिकटवलेली असे. लोक तिथं मालकाचं नाव लिहितात. बाई फक्त ‘वाचलं’ असं लिहून खाली कोऱ्या रेघा सोडायच्या. पुस्तक जो शेवटपर्यंत वाचेल, त्यानं तिथं नाव घालायचं. मग ते त्याचंही झालं.

पहिलं पुस्तक संपवलं तेव्हा मी नाव लिहिलं आणि ‘ण’वरचा रफार चुकून ‘क’वर दिला. मनर्कणाबाई.

“काय वं, सोताचंच नाव मोडलं?” बाई हसता हसता खोकल्या.

“खोडू काय?”

“खबरदार! असं नाव कारंज्यात दुसऱ्या कोनाचं नाई.”

पुढच्या दहा पुस्तकांवर मात्र रफार जागच्या जागी आहे.

बारावं आम्ही मिळून वाचत होतो. एकशे बाराव्या पानावर बाई आजारी पडल्या, आणि फाल्गुनात गेल्या.

त्यांची सून चंदना पुस्तकं वाचनालयाला द्यायला निघाली. म्हणाली, “मावशी, तुमचं नाव असेल ती तुम्ही न्या.”

मला बारावं हवं होतं. फक्त तेवढंच. पण पुरं न करता नाव घालायचं म्हणजे बाईंना फसवायचं. एकदा हात फिरवावा म्हणून ते उघडलं.

चिठ्ठीवर नाव होतं. मनर्कणाबाई. अक्षर माझं.

“चंदना, हे म्या नाई लिवलं.”

“अक्षर तर तुमचंच आहे की!”

मी शेजारचं उघडलं. त्याला कधी हातही लावला नव्हता. मनर्कणाबाई. त्याच्या खालचं. त्याच्याही खालचं. चंदना कपाटातली पुस्तकं भराभरा काढू लागली. काहींची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. मी न वाचलेल्या सगळ्यांवर नाव होतं. रफार ‘क’वर.

“एवढी कधी वाचलीत, मावशी?”

“नाई वाचली वं माय.”

माझा चेहरा पाहून तिनं थट्टा केली आणि न बघताच एक पुस्तक उघडून पुढं केलं. “मग आज वाचा. हे घ्या, कुठलंही पान.”

मी चष्मा लावला. एक मुलगी सासरी निघाली होती. बैलगाडी नदीपाशी थांबली होती. बाप पाण्यात उतरून खोली बघत होता. मी नेहमी अडखळत वाचते. त्या दुपारी अडखळले नाही. बाई जिथं थांबायच्या तिथंच थांबत होते. चंदना माझ्याजवळ सरकून बसली, तिनं डोळे पुसले.

“सासूबाईच वाचताहेत असं वाटतं.”

मलाही बरं वाटत होतं. फार दिवसांनी.

पान उलटलं तेव्हा ती पुस्तकावर वाकली. तिनं ओळीवर बोट ठेवलं.

“मावशी, हे कानडी आहे. सासूबाईंच्या माहेरचं. आमच्यात कुणालाच येत नाही.”

मी खाली पाहिलं. गोल गोल, एकात एक अडकलेली अक्षरं. एकही ओळखता येईना.

“थांबा ना,” चंदना हळूच म्हणाली.

मला थांबायचंच होतं. पण ओळ अर्धी होती, आणि माझं तोंड ती पुरी करत होतं.