सालाखालचा ठिपका

चाकणला कंपनीच्या गेटबाहेर पाण्याचं एक मशीन आहे. रुपया टाकला की बाटलीभर गार पाणी. पण दीक्षाचा रुपया ते मशीन काही केल्या घेईना. टाकला की खळकन परत खाली... मागे रांग, वर मे महिन्याचं ऊन आणि तिचा चढत चाललेला पारा.

"मॅडम, जुना रुपया आहे हा, मोठा. मशीन नव्या लहान रुपयाला लावलंय," मागून कुणीतरी म्हणालं. त्याने आपला रुपया पुढे केला, तिचा घेतला आणि पाणी राहिलं बाजूला, नाण्यावरच्या सालाखाली डोळे बारीक करून बघत बसला. "चौकट आहे. म्हणजे मुंबईच्या टाकसाळीतला."

तो अनिश. राहायला पिंपळे सौदागरला, टूलरूममध्ये डाय, म्हणजे छापाचे पोलादी साचे, सांभाळणारा इंजिनिअर. ती त्याच कंपनीत इन्स्पेक्शनला. मग ते रोजचंच झालं. जेवणाच्या सुट्टीत ती पर्समधली चिल्लर काढायची आणि तो सांगत सुटायचा. चांदणी असली तर हैदराबाद, ठिपका असला तर नोएडा, काहीच नसलं तर कोलकाता. हा कणसांचा रुपया जुना, हा अंगठा दाखवणारा नंतरचा. ह्याची अक्षरं जाड उठलीत, म्हणजे डाय झिजत आली होती. तिला ह्यातलं निम्म्याहून अधिक लगेच पाठ झालं होतं. तरी ती पुनःपुन्हा विचारायची, कारण तो नाणं तिच्या तळहातावरून उचलत नसे... तिथेच बोटाने दाखवायचा.

एकदा म्हणाला, "तुझ्या जन्मसालाचा कोलकात्याचा रुपया मिळू दे... मग तुला एक विचारायचंय."

"आत्ता विचार की."

"अंहं. आधी रुपया."

तिला हसू आलं होतं तेव्हा. शहाण्णव सालचा मुंबईचा मिळाला, हैदराबादचा मिळाला, नोएडाचे तर किती तरी. कोलकात्याचा मिळेना. दिवाळी गेली, थंडी सरत आली. पिंपरीला घरी बाबा स्थळांचे फोन घेत होते आणि ती दर वेळी काही ना काही खुसपट काढत होती. मध्यंतरी अनिशच्या आई, सुहासिनीताई, त्यांच्या सोसायटीच्या गेटवर भेटल्या होत्या. फार गोड बोलल्या. मग आडनाव विचारलं, आणि घरी चला असं काही म्हणाल्या नाहीत. त्यावर अनिश कधी बोलला नाही. तीही नाही.

आणि मग त्याची गुजरातेत साणंदच्या प्लांटला बदली झाली. रविवारी निघायचं होतं. हेसुद्धा त्याने बाटली भरता भरता सांगितलं. त्या दिवशी घरी जाताना कंपनीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून रडली.

शुक्रवारी चहाच्या टपरीवर सुट्ट्यांत तो रुपया तिच्या हातात आला. शहाण्णव. धावतच आपल्या टेबलाशी येऊन तिने तो भिंगाखाली ठेवला. सालाखाली काहीच नव्हतं. अगदी कोरं. तिचे डोळे भरून आले... आणि तिथेच हाताने घात केला. इन्स्पेक्शनमध्ये पीस बरोबर निघाला की नंबराखाली पंचाचं पोलादी टोक टेकवून हातोडीचा एक ठोका द्यायचा, ओकेचा ठिपका उमटवायचा. वर्षानुवर्षांची सवय. मनाने बरोबर म्हटलं आणि हात थांबला नाही. ठक्. कोलकात्याचा रुपया बघता बघता नोएडाचा झाला.

संध्याकाळी बसथांब्यावर धूळ आणि धूर एक झाले होते. लपवावं असं तिच्या मनात येऊन गेलं, पण तिने रुपया त्याच्यापुढे धरला. "मिळाला होता. मीच वाट लावली."

अनिशने तो उजेडाकडे तिरका धरला, वरून अंगठा फिरवला. "टाकसाळीचा ठिपका वर उठलेला असतो. हा आत गेलाय." त्याने अंगठा पुन्हा त्या खळग्यावर टेकवला. "हा तुझा आहे, दीक्षा."

मग त्याने पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून एक रुपया काढून तिच्या तळहातावर ठेवला. शहाण्णव. खाली कोरा.

"कधी मिळाला?"

"दिवाळीच्या आधी."

म्हणजे अडलं होतं ते रुपयापाशी नव्हतंच.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "फार. रोज ठरवायचो, आज विचारीन... पण मग आईला सांगावं लागलं असतं. तेवढी हिंमत झाली नाही. अजून झालेली नाही."

ह्याच शब्दांसाठी ती इतके महिने चिल्लर चाळत होती. ते आले, आणि असे आले. "मलाही तू आवडतोस," ती म्हणाली, "म्हणून तर इतका राग येतोय."

बस आली. ठिपक्याचा रुपया तिने त्याच्या हातात ठेवून त्याची मूठ मिटली.

"हा तू ठेव. माझ्याकडून पास आहे." कोरा रुपया तिने स्वतःच्या मुठीत घेतला. "हा मी नेते. आमच्याकडे ठिपका नसलेला पीस गेटबाहेर जात नाही. आईशी बोल, मग ये. पंच माझ्याकडेच असतो."

ती बसमध्ये चढली. खालून तो काहीतरी म्हणत होता... पण बस सुटली होती.

रविवारी अनिश गेला. दीक्षाच्या टेबलावर एक पिवळा ट्रे असतो. पासही नाही आणि रिजेक्टही नाही, ज्यांचा निर्णय व्हायचाय असे पीस त्यात पडून असतात. शिफ्ट संपताना ती तो रिकामा करते. कोपऱ्यातला कोरा रुपया तेवढा राहू देते.