खाणीकडची बाजू

तो दिवा मालवा आधी. नको, राहू दे, तो लहान दिवा असू दे कोपऱ्यात. आणि मध्येच कोणी हसायचं नाही. हसायचंच असेल तर आत्ता हसून घ्या.

माझ्या नाकावरचा हा चष्मा ज्याने केला, त्याची ही हकिगत आहे. मी त्याला चष्मेवालाच म्हणतो. बाजारात त्याचं दुकान आहे. माणूस असा की भिंगात केसाएवढा फरक असला तरी परत घासायला बसेल. थापा मारणं त्याच्या रक्तात नाही. मला त्याने हे सांगितलं ते दुकानाचं शटर अर्धं ओढून, आणि सांगताना माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. म्हणून माझा विश्वास बसला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. नोव्हेंबरमधली अमावास्या, शनिवारची रात्र. तुम्हाला वाटेल, अमावास्येला कोण शहाणा बाहेर पडतो? पण आकाश बघणाऱ्यांचं सगळं उलटं. तुम्हीआम्ही पौर्णिमेची वाट बघतो, ही मंडळी अमावास्येवर डोळा ठेवून असतात. चंद्र म्हणजे त्यांचा दुष्मन. तो उगवला की बारीक चांदणं पुसलं जातं.

तर चष्मेवाल्याला हे वेड. दुकान बंद केलं, घरी बनवलेली दुर्बीण गाडीत घातली. चांगली माणसाएवढी नळी, लाकडी बैठकीवर ठेवायची आणि हाताने ढकलून फिरवायची. मग तो गेला धाकट्या बहिणीच्या घरी. तिला घरचे सगळे चिऊ म्हणतात, म्हणून आपणही चिऊच म्हणू. तिचा नवरा त्या रात्रीच्या वर्षभर आधी गेला होता. घाट उतरताना ट्रक उलटला. तेव्हापासून चिऊ एकटी राहायची, कामावर जायची, यायची, विचारलं तेवढंच बोलायची. आई येऊन म्हणायची जेव, ती जेवायची. वहिनी म्हणायची झोप, ती दिवा बंद करायची.

त्या संध्याकाळीही तसंच झालं. ती नको म्हणाली. चष्मेवाल्याने खुंटीवरचं तिचं जाकीट काढून तिच्या अंगावर टाकलं आणि म्हणाला, ऊठ, बस झालं आता. ती उठली.

गावाबाहेर एक टेकडी आहे, वर सपाट माळ. एका बाजूला खाली गावाचे दिवे दिसतात, दुसऱ्या बाजूला दगडाची जुनी खाण. खाण कधीची बंद, पाणी भरलेली. कडेला कुंपण नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून गाडी आणि दुर्बीण खाणीपासून चांगली लांब ठेवायची, असा शिरस्ताच होता.

वर आणखी दोघं आली होती. एक औषधवाला, स्वभावाने गडबड्या. त्याला तारे कमी आणि थर्मासमधला चहा जास्त आवडायचा. आणि दुसऱ्या बाई. बाई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. आकाशातला कुठला पुंजका कुठे, हे त्यांना स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखं पाठ. आणि शिस्त शाळेतलीच. माळावर पांढरा उजेड करायचा नाही. मोबाइल पिशवीत. लागलाच तर लाल कागद लावलेली बॅटरी, तीही खाली धरून. कारण डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला बराच वेळ लागतो, आणि मोडायला एक क्षण.

त्यामुळे तिथे कोणी कोणाचं तोंड बघत नाही. काळ्या आकृत्या नुसत्या. आवाजावरून ओळखायचं, कोण कुठे आहे ते.

बाईंनी चिऊला दुर्बिणीपाशी उभं केलं. देवयानी दीर्घिका लावून दिली होती. चिऊ म्हणाली, काही दिसत नाही. तेव्हा बाईंनी तिला युक्ती सांगितली. फिकट गोष्टीकडे रोखून बघायचं नाही. नजर जरा बाजूला ठेवायची, दुसरीकडे बघतोय असं दाखवायचं. डोळ्याच्या मधल्या भागाला जे अंधारात दिसत नाही, ते कडेला दिसतं.

चिऊने तसं केलं. मग बराच वेळ ती हललीच नाही.

"हा उजेड जुना आहे ना?" तिने विचारलं.

"लाखो वर्षांपूर्वी निघालेला," बाई म्हणाल्या.

"म्हणजे आता तिथे काही नसेलही."

"नसेलही. पण दिसतंय ना?"

चिऊने परत भिंगाला डोळा लावला. चष्मेवाल्याला बरं वाटलं. वर्षभरात तिने आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

मध्यरात्र उलटली. थंडी वाढली. औषधवाल्याने पाठ टेकतो म्हणून सांगितलं आणि तो गाडीकडे गेला. मृग नक्षत्र वर आलं होतं. चष्मेवाला त्यातला तेजोमेघ शोधायला दुर्बिणीला डोळा लावून वाकला. त्याच्या उजव्या हाताला बाई खुर्चीत, डाव्या हाताला चिऊ उभी.

तेजोमेघ सापडला. त्याची कड बघायची म्हणून चष्मेवाल्याने भिंगावरून डोळा काढला, क्षणभर विसावा दिला, समोरच्या काळोखात नजर ठेवली. आणि नजरेच्या कडेला त्याला दिसलं... चिऊच्या शेजारी कोणीतरी उभं होतं.

त्याने मान वळवली. चिऊ एकटी.

पुन्हा समोर बघितलं. पुन्हा दोघं. दुसरं माणूस उंच होतं. स्वस्थ उभं. रांगेत आपली पाळी यायची वाट बघावी, तसं.

त्याला वाटलं, औषधवाला परत आला. दुसरं काय वाटणार? डोळे थकले की काळोखात नाही नाही ते दिसतं, हेही त्याला माहीत होतं. तो परत भिंगाकडे वळला. तेवढ्यात डावीकडून आवाज आला. हलका, अदबीने विचारल्यासारखा.

"येतेस का?"

 मग चिऊ म्हणाली, "हो."

गवतावरून पावलं गेली. चष्मेवाल्याने डोळा काढला नाही. औषधवाला चहा द्यायला गाडीपाशी घेऊन गेला असेल, जाऊ दे, माणसांत मिसळतेय.

मग...

त्याच्या लक्षात यायला वेळ लागला. गाडी उजवीकडे होती. पावलं डावीकडे गेली होती.

त्याने डोळा काढला. कान दिला. गाडीकडून एक आवाज येत होता. संथ. घुर्र... घुर्र...

"बाई," तो म्हणाला. "औषधवाला कुठाय?"

"गाडीत. घोरतोय की. ऐकू येत नाही का तुला?"

चष्मेवाल्याने डावीकडे हात लांबवला. तिथे कोणी नव्हतं.



मग बाईंनी विचारलं, अगदी हळू. "तुझ्या बहिणीला कोण घेऊन गेलं रे?"

तो पळाला. डावीकडे. खाणीकडे. हाका मारत. चिऊ... चिऊ... पायाखालचं दिसत नव्हतं. दोनदा पडला. हात सोलवटले.

आणि एकाएकी सगळा माळ पांढरा झाला. गाडीचे दिवे. कोणी लावले असतील? बाईंनी. आयुष्यभर ज्यांनी कोणाला काडी ओढू दिली नाही, त्या बाई धावत गेल्या होत्या आणि दोन्ही दिवे त्यांनी लावले होते.

चिऊ खाणीच्या कडेला उभी होती. पाठमोरी. पुढे माळ नव्हता, नुसता काळोख. तिचा डावा हात बाजूला होता, किंचित वर. मोठ्या माणसाचं बोट धरून लहान मूल चालतं ना... तसा.

हाताखाली काही नव्हतं. हातात काही नव्हतं.

चष्मेवाल्याने तिच्यावरची नजर हलवली नाही. तो मला म्हणाला, "काका, मी हट्टाने तिच्याकडेच बघत राहिलो. जरा जरी बाजूला बघितलं असतं ना, तर तो दिसला असता. मला पक्कं माहीत होतं."

तो ओरडला, मागे फिर. चिऊने एक पाऊल पुढे टाकलं.

तो ओरडला, ये इकडे, तुला सांगतोय ना. तिने दुसरं पाऊल उचललं.

दगड सुटला. खाली गेला. बऱ्याच वेळाने पाण्यात पडला.

मग त्याचा आवाज बसला.  पुढे जायचा धीर होईना, कारण त्याच्या धावण्याने ती दचकली असती तर? तो खाली बसला. आणि तोंडातून निघालं ते रडकं, जेमतेम ऐकू जाईल असं.

"चिऊ... घरी येतेस का?"

ती थांबली.

किती वेळ, देव जाणे. मग तिने डावीकडे, वर बघितलं. परवानगी मागावी तसं. आणि हळूच बोटं सोडवून घेतली. एकेक. अशी...

मागे वळली आणि चालत भावाकडे आली.

कुणी मागे बघितलं नाही. दुर्बीण, खुर्च्या, थर्मास, सगळं तिथेच टाकून गाडीत बसले. औषधवाला जागा होऊन काय झालं, काय झालं विचारत होता.  उतार संपला. मग चष्मेवाल्याने विचारलं, कोण होता तो. ती म्हणाली, माहीत नाही. त्याने घाबरत घाबरत मेव्हण्याचं नाव घेतलं. तिने मान हलवली.

"नाही दादा. त्यांचा हात मला ठाऊक आहे. हा दुसराच होता."

"मग गेलीस कशी त्याच्याबरोबर?"

चिऊ खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "त्याने विचारलं. तुम्ही सगळे मला नुसतं उठवता, बसवता, नेता, आणता. वर्षभरात मला येतेस का म्हणून कोणीच विचारलं नव्हतं."

चष्मेवाला हे सांगताना माझ्यासमोर रडला. शटर अर्धं ओढलं होतं ते त्यासाठी.

आता तुम्ही विचाराल, त्या खाणीत कोण मेलं होतं? मीही चौकशी केली. जुन्या लोकांना विचारलं. तिथे कधीच कोणी पडलेलं नाही. कोणी सापडलं असतं तर बरं झालं असतं, निदान कोण ते कळलं असतं.

चिऊ आहे. चांगली आहे. हल्ली हसते, भांडतेही, आणि घरातलं कोणी तिला विचारल्याशिवाय तिच्या ताटात पोळीसुद्धा वाढत नाही. पण त्याच आठवड्यात भावाने, येतेस का विचारून, तिचं ते घर सोडवलं. भाड्याचे पैसे बुडाले तरी सोडवलं. आता ती भावाच्या घरी राहते, मागच्या खोलीत. त्या खोलीची खिडकी टेकडीकडे नाही.

घर का सोडलं, ते तिला कोणी सांगितलेलं नाही. तुम्हीही कधी भेटलात तर बोलू नका.

त्या रात्री तिला तिच्या घरी निजवलं, बाई उशाशी बसल्या. उजाडताना चष्मेवाला औषधवाल्याला घेऊन दुर्बीण आणायला टेकडीवर गेला. सगळ्यावर दव पडलं होतं. खुर्च्या ओल्या, थर्मास ओला, दुर्बिणीची नळी नखशिखांत निथळत होती. पण नळी आकाशाकडे नव्हती. ती वळली होती. खाली, गावाकडे.

त्याला वाटलं, वाऱ्याने वळली. म्हणून वाकून बघितलं.

त्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. उलटं छप्पर. उलटी खिडकी. पडदा उघडा. खुर्चीत डुलक्या घेणाऱ्या बाई. आणि पलंगावर, अंगावर गोधडी ओढून झोपलेली चिऊ. तिच्या कपाळावरची बट दिसावी, इतकं स्पष्ट. ताऱ्यांसाठी लावलेलं भिंग घरावर असं लागत नाही. ते कोणीतरी हाताने, हळूहळू, जुळवावं लागतं.

आणि ते भिंग त्याला पुसावं लागलं नव्हतं. सगळी दुर्बीण दवाने भिजलेली होती. डोळा लावायची तेवढीच जागा कोरडी होती...

आणि कोमट.