सात नंबरचा वेळ अजून चालू आहे

विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. पण यातला एक शब्दही पदरचा नाही. हे माझ्या चुलतभावाच्या बाबतीत घडलं. तेव्हा रात्र नव्हती आणि अमावस्याही नव्हती. १९९९ सालचा श्रावण होता. जागा महाबळेश्वर. भर दुपार.

आमचा राजरत्नदादा सांगलीजवळच्या कुपवाडचा. एमआयडीसीतल्या कारखान्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. हाताला गुण होता, पण बढाया त्याहून जास्त. त्या वर्षी त्याच्या डोक्यात एक खूळ शिरलं. महाबळेश्वरला येणाऱ्या बड्या पाहुण्यांकडे लॅपटॉप दिसायला लागले होते. त्यांना खोलीत बसल्या जागी इंटरनेट द्यायचं, तासाच्या हिशेबानं. पाहुण्यानं काउंटरवर पैसे भरायचे आणि खोलीतल्या सॉकेटला आपला लॅपटॉप जोडायचा. काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर खोलीचा नंबर आणि शिल्लक वेळ दिसायचा. वेळ संपला की लाईन आपोआप तुटायची.

अडचण एकच. हॉटेलला टेलिफोनची लाईन एकच होती. कुणी इंटरनेटवर असलं की फोन अडकलेला. बाहेरून येणार नाही, आतून जाणार नाही.

यावर दादाचा नियम ठरलेला. "ज्यानं पैसं भरल्यात, त्याचा वेळ मधी तोडायचा न्हाई. धंद्यात इमान पायजे गड्या," असं तो छाती काढून सांगायचा.

मे महिन्यात त्यानं लालासाहेब नावाच्या मालकाच्या हॉटेलात हे सगळं बसवलं, चालू करून दाखवलं. राहिलेलं काम करायला श्रावणात परत गेला. पावसाळ्यात तिथली हॉटेलं बंद असतात. खोल्यांना कुलपं, पाऊस आत येऊ नये म्हणून भिंतींना बाहेरून गवताच्या झड्या बांधलेल्या. आत फक्त राखणदार आकाराम.

घरी अक्षतावहिनी, दादाची बायको, पोटुशी होती. अंगात रक्त कमी, आणि रक्ताचा गट लवकर न मिळणारा. दादानं त्याच गटाचा एक मित्र हेरून ठेवला होता. बशीर. पण बशीर कुठल्या कारखान्यात, तिथला फोन नंबर काय, हे फक्त दादाच्या डोक्यात.

"मी हाय की. घाबरताय कशाला?" घरात कुणी विचारलं की हे उत्तर.

त्या दिवशी सकाळी त्यानं हॉटेलातून शेजाऱ्यांकडे फोन लावला. त्याची आई, आमची बायडाकाकू, धावत आली.

"पोरीला कळा सुरू झाल्यात रं. अजून दिस भरलं न्हाईत, तरी बी. दवाखान्यात न्हेतोय. तू निघ."

दादा निघणार कसा? दोन्ही घाटांत दरड आलेली. संध्याकाळपर्यंत एकही गाडी खाली उतरणार नव्हती.

"आई, रक्त लागलं तर हितं फोन कर. मी लगीच बशीरला कारखान्यात फोन लावून धाडतो. मी फोनपासनं हालत न्हाई."

नंबर तेव्हाच सांगितला असता तर... पण त्याला ते सुचलंच नाही.

दुपारी जेवण उरकून दादा काउंटरवर येऊन बसला. धुकं पार खोलीत शिरलं होतं. समोरचं दार दिसेना. आकारामनं चहा आणला आणि सहज म्हणाला, "साहेब, समद्या खोल्या उघडतो, पण सात नंबर तेवढी तुमीच उघडा. मी न्हाई जायचा."

"का रं?"

"आवं, मे महिन्यात म्हातारी गेली न्हवं का तिथं. तुमी सांगलीला गेला, त्याच सांच्याला. दम्याची हुती. श्वासच कोंडला. म्हातारा डाक्टरला फोन कराय हितं आल्ता म्हणं, तर फोन मोकळा न्हवता. मी बाजारात गेल्तो. त्या बाकड्यावर बसून ऱ्हायला बिचारा."

दादाच्या हातातला कप हातातच राहिला.

त्या दिवशी निघेपर्यंत काउंटरवर तोच होता.

त्याला सगळं आठवलं. पांढरं धोतर, हातात छत्री. "जरा फोन करता येईल का?" अगदी हळू आवाज. दादानं पडद्यावरची नजरही काढली नव्हती. "थोडं थांबा आजोबा. एका पाहुण्यांचा वेळ चालू आहे. अजून दहा मिनिटं." म्हातारा म्हणाला, "बरं. माफ करा हं." आणि बाकड्यावर बसला. कशासाठी फोन हवा, हे दादानं विचारलं नाही. मध्येच त्या पाहुण्यानं वेळ वाढवून घेतला. दादानं खुशीत वाढवून दिला. पुन्हा मान वर केली, तेव्हा बाकडं रिकामं होतं.

"आन् म्हातारा?" दादानं कसंबसं विचारलं.

"त्यो बी पंधरा दिसांत गेला. लालासाहेब सांगत हुतं."

आकाराम कप घेऊन मागे चुलीकडे गेला.

दादानं फोन उचलून पाहिला. लाईन चालू होती. त्यानं जपून खाली ठेवला.

तेवढ्यात...

कॉम्प्युटर टिणकन वाजला.

पडद्यावर अक्षरं आली. खोली ७. शिल्लक वेळ, १० मिनिटं.

दादाला वाटलं, जुनं काहीतरी उघडलं असेल. सातची किल्ली समोर खिळ्याला लटकत होती. खोल्यांची वीज मेनमधून बंद होती. त्यानं फोन उचलला. लाईन अडकलेली असती तर मोडेमची किरकिर कानावर यायला हवी होती.

किरकिर नव्हती.

श्वास होता...

आत ओढलेला. अडकलेला. मग पुन्हा ओढलेला. गळ्यात शिट्टी वाजावी तसा.

दादानं फोन आपटला. पुन्हा उचलला. तोच श्वास. आता आणखी लांब, आणखी कष्टाचा.

ज्यानं जन्मात कुणाचा वेळ तोडला नव्हता, त्यानं सातची वायर उपटली. मोडेम उपटला. शेवटी कॉम्प्युटरचा प्लग खेचून काढला.

पडदा तसाच उजळलेला. खोली ७. शिल्लक वेळ, ६ मिनिटं.

मागे बाकडं करकरलं...

कुणीतरी सावकाश टेकावं तसं. मग फरशीवर पाणी ठिबकायला लागलं. भिजलेली छत्री उभी करून ठेवली की ठिबकतं, तसं.

दादाची मान वळेना. त्याच्या तोंडून शब्द कसे फुटले, त्यालाच ठाऊक नाही.

"आजोबा, माझी बायको अडलीय... माझा फोन यायचाय. हात जोडतो. लाईन सोडा."

मागचं माणूस नुसतं बसून होतं. त्याला कसलीच घाई नव्हती.

तीन मिनिटं. दोन. एक. कानाजवळ धरलेल्या फोनमधला श्वास एकदा लांब ओढला गेला...

आणि परत सुटलाच नाही.

पडदा काळा झाला. दादानं फोन खाली ठेवला, आणि त्याच क्षणी तो वाजला.

फोन घेता घेता त्यानं पाहिलं. दारात आकाराम कंदील घेऊन उभा होता. बाहेर मिट्ट काळोख.

"साहेब, काय झालंय तुमास्नी? मी किती हाका मारल्या! दिवेलागण हून गेली. दुपारधरनं त्या काचंकडं बघत बसलाय..."

दादानं फोन कानाला लावला.

"आई, नंबर लिवून घे! बशीरचा नंबर..."

पलीकडे बायडाकाकू रडत होती.

"आता नंबर नको रं राजा. पोरगी झालीय. ती चांगली हाय. अक्षता गेली."

दादा तिथंच खाली बसला.

"दुपारधरनं फोन लावतीय रं तुला," काकू हुंदके देत म्हणाली. "दर टायमाला कुणी म्हातारा उचलायचा. म्हणायचा, थोडं थांबा. एका पाहुण्यांचा वेळ चालू आहे. अजून दहा मिनिटं."

राजरत्नदादा पुन्हा महाबळेश्वरला गेला नाही. ते मशीन कुठं गेलं, माहीत नाही. कुपवाडला त्याच्या दुकानात आजही कुणी दारातून नुसतं "जरा फोन करू का?" म्हटलं, तर तो हातातलं काम टाकून उठतो. समोरचा माणूस दचकतो.

हे सगळं त्यानं मला एकट्याला सांगितलंय. काकूला नाही. तिला वाटतं, तो हॉटेलातला कुणी जुना माणूस असेल. पायल, म्हणजे दादाची मुलगी, कधी जेवताना आईचं विचारायला लागली की काकू त्या दिवशीचं सगळं सांगते. शेवटी न चुकता म्हणते, "फोनवरचा म्हातारा मातर लय गुणाचा हुता बघ. दर टायमाला माफी मागायचा."

आणि दादा पानावरून उठून बाहेर जातो.