हेल्मेट डोक्यावर असेपर्यंत नाही

नितेशने मला विचारलं आणि मी नाही म्हटलं. स्पष्ट, मोठ्याने, सगळ्या वर्गासमोर, डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून.

तर असं काही झालेलं नाही. कोणी विचारलं नाही, कोणी नकार दिला नाही, आणि त्यानंतर लोकांनी टाळ्या तर मुळीच वाजवल्या नाहीत. आपण वडखळच्या नाक्यापासून सुरुवात करू. तिथे निदान मी निर्दोष होते.

पेणहून रोह्याला निघालेली आमची एसटी वडखळला येऊन बसली ती उठेचना. पाऊस बारीक होता, पण चिकाटीचा. माझ्या दोन्ही हातांत दोरीला ओवलेली पिवळी हेल्मेटं होती. छत्री धरायला तिसरा हात नव्हता, म्हणून त्यातलंच एक डोक्यावर चढवलं होतं.

"हेल्मेट केवढ्याला?"

वळून पाहिलं. मोटारसायकलवर एक भिजलेला मुलगा. चष्म्याच्या काचांवर थेंब, त्यामागे डोळे असावेत असा अंदाज.

"विकायची नाहीत."

"मग नाक्यावर घेऊन कशाला उभ्या?"

"त्यांना हवा दाखवायला आणलंय."

"तुमच्या डोक्यावरचं द्या. वापरलेलं हाय, स्वस्तात पडेल."

"ही कारखान्यात घालायची आहेत. गाडीवरून पडलात तर उपयोग नाही."

"मी पडत नाय," तो म्हणाला, गाडीला किक मारली, आणि पडला.

उठला. चष्मा पुसला. आता डोळे दिसले... आणि ते माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच ढकललं होतं.

"पहिल्यांदाच," तो म्हणाला.

मी हसले नाही. नंतर एसटीत बसून हसले. रोहा येईपर्यंत.

मी करते काय ते सांगायला हवं. पेणमध्ये आमची एक छोटी संस्था आहे. संस्था म्हणजे रोहिणीताई, मी, आणि पावसाळ्यात रुसणारा एक प्रिंटर. कंपन्यांना सल्ला देणारे जे सल्लागार असतात, त्यांना आम्ही शाश्वतता शिकवतो. म्हणजे धंदा चालू ठेवून पाणी, वीज, धूर, कचरा कमी कसा करायचा आणि हे मालकाच्या गळी कसं उतरवायचं. आमचा कोर्स तयार मिळत नाही. गिऱ्हाइकाचं माप घेऊन शिवून देतो. यावेळच्या कंपनीची तक्रार अशी होती की, आमचे सल्लागार बोलतात छान, पण कारखानदार एकदा नाही म्हणाला की लॅपटॉप मिटून निघून येतात.

म्हणून मी हेल्मेट शिवलं. हेल्मेट घातलं की मी शेठ, रंगाच्या कारखान्याचा मालक. शेठ प्रत्येक गोष्टीला नाही म्हणणार. सल्लागाराने चिडायचं नाही. 'का?' विचारायचं आणि नाहीच्या मागे काय दडलंय ते शोधायचं. हेल्मेट काढलं की मी परत ऋतुजा मॅडम. बाकीची हेल्मेटं वर्गासाठी, कारखाना बघायला जाताना घालायची.

रोह्याच्या हॉलमध्ये शिरले तर पहिल्या रांगेत तो मोटारसायकलवाला बसलेला. हजेरीत नाव नितेश. कोपराला वडखळचा चिखल.

"मॅडम, विकली गेली का?" त्याने विचारलं.

वर्गाला काही कळलं नाही. मला मात्र घाम फुटला. त्या पावसात.

दर शनिवारी वर्ग. नितेश चांगला होता, हीच अडचण. मी शेठ होऊन ओरडायचे, "धुण्याचं पाणी परत वापरायचं? नाही! नदी इथेच आहे, ती कुठे पळून चाललीय?"

"का नाही, शेठ?"

"वडिलांनी कधी वापरलं नाही."

"वडिलांना विचारलं होतं कोणी?"

  शेठ त्याच्या ओल्या केसांकडे बघत होता, जे शेठला शोभत नाही.

वर्ग सुटला की मी स्टेशनवर जाऊन पेणची रेल्वे पकडायची. एका शनिवारी तो शेजारी येऊन बसला. त्याचं घर तर रोह्यातच, स्टेशनमागे.

"तुम्ही कुठे?"

"पेणला काम हाय."

"काय काम?"

"परतीची गाडी पकडायचीय."

खिडकीतून पाऊस आत येत होता. त्याने उठून खिडकी ओढली, ती अर्ध्यावर अडकली, मग त्याने आपली बॅग त्या फटीत धरली — निडीपासून कासूपर्यंत, हात न बदलता. नागोठण्याला शेंगा घेतल्या. सोलून सोलून माझ्या ओंजळीत टाकत राहिला, एका हाताने. बोललो मात्र सगळं सांडपाण्याबद्दल. इतकं सुंदर सांडपाणी मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

पुढच्या शनिवारीही त्याला पेणला काम निघालं. त्याच्या पुढच्याही.

आणि मग मला झोप येईनाशी झाली. कारण साधं होतं. कोर्सच्या शेवटी गुण मी द्यायचे. पास झाला तर रोह्याच्या ऑफिसात कायम. नापास झाला तर नागपूरला, मुख्य ऑफिसात, पुन्हा कधी कारखाना दिसणार नाही. पास केला, तर तो कंपनीसाठी केला की माझ्यासाठी? आणि हे कंपनीच्या कानावर गेलं, तर रोहिणीताईंचं हे एकुलतं मोठं काम गेलं. बरं, खबरदारी म्हणून नापास केला, तर गेला तो नागपूरला. मी आडवी पडून छताकडे बघायचे आणि मनात त्याचे गुण वाढवायचे, मग लाज वाटून कमी करायचे.

त्यात शेवटच्या सरावाला नितेश उभा राहिला. मी हेल्मेट घातलं.

"शेठ," तो म्हणाला, "पाण्याचं झालं, विजेचं झालं. आता शेवटचा प्रस्ताव. कारखान्याबाहेरचा हाय..." तो थांबला. चष्मा पुसला. वडखळला पुसला होता तसाच. "उद्या रविवार. वडखळला चहा प्यायला याल? माझ्याबरोबर. वर्ग नसताना."

 माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं. नियम माझाच होता.

"नाही," मी म्हटलं.

टाळ्या पडल्या. "कडक शेठ!" मागून दिनेश ओरडला, जो स्वतः तीन शनिवार रडवेला होऊन बसला होता. नितेश मात्र टाळ्यांत सामील झाला नाही. शिकवल्याप्रमाणे त्याने हळूच विचारलं, "का?"

मी चहाची सुट्टी जाहीर केली. चहा यायला अजून बराच वेळ होता.

...तर हे झालेलं नाही, असं मी म्हटलं होतं. पण आता तुम्ही वाचलंच आहे.

त्या संध्याकाळी मी रोहिणीताईंसमोर उभी राहिले. "ताई, नितेशची परीक्षा मी घेणार नाही."

"का?" त्यांनी विचारलं. हा शब्द आमच्याकडे साथीसारखा पसरला होता.

"मला... तो पास व्हायला हवाय."

ताईंनी चष्म्यावरून बघितलं.  मला वाटलं, गेली नोकरी. "हेल्मेट दे इकडे," त्या म्हणाल्या. "आणि कंपनीला मी कळवते, परीक्षक बदलला म्हणून. कारणासकट. उद्या त्याला पेणला बोलाव. तू खाली थांबायचं, जिन्यावरसुद्धा यायचं नाही."

खाली म्हणजे गणपतीचा कारखाना. आमचं ऑफिस त्याच्या माडीवर. दुसऱ्या दिवशी नितेश वर गेला, माझ्याकडे न बघता. मी मूर्तींच्या रांगेत उभी. रंग झालेले, सोंडा झालेल्या, पण अजून एकाचेही डोळे आखलेले नव्हते. निदान कोणी बघत तरी नव्हतं.

इंदुबाई सोडून. डोळे आखायचं काम त्यांचं. बारीक कुंचला हातात, आणि नजर माझ्यावर.

"काय गो, तुला बघायला आलेत का कोन?"

"परीक्षा चालू आहे, इंदुबाई."

"त्याची का तुझी?"

 वरून रोहिणीताईंचा आवाज आला, "नाही!" मग शांतता. मग पुन्हा "नाही!" मग इतकी शांतता, की कौलांवरचा पाऊस मोजता आला असता. तो निघाला असेल का लॅपटॉप मिटून? नागपूरला शेंगा मिळतात का? खिडक्या नीट लागतात का तिथल्या?

शेवटी जिना वाजला. पुढे रोहिणीताई, हेल्मेट काखेत. "पास," त्या म्हणाल्या. "जेमतेम. हिशेबात कच्चा आहे. पण मी तोंड मिटून बसले, तर हाही बसून राहिला. शेवटी मीच कंटाळून शेठच्या 'नाही'चं खरं कारण सांगितलं." आणि त्या चहाला निघून गेल्या. हेल्मेट घेऊन.

नितेश शेवटच्या पायरीवर उभा होता.

"माझा एक 'का' राहिलाय," तो म्हणाला.

"गुण माझ्या हातात होते म्हणून."

"आता?"

"आता नाहीत."

"मग... विचारू परत? चहाचं?"

मी मान वर केली. तोंड उघडलं.

"नाही," मी म्हटलं.

तो पांढराफटक पडला. "का?"

"...सवय लागलीय."

"व्हय म्हन गो!" इंदुबाई कुंचला उगारून ओरडल्या. "माझा हात हालतोय इथं!"

"व्हय," मी म्हटलं. पेणमध्ये वाढलेय, पण हा शब्द इतका नीट पहिल्यांदाच उच्चारला.

नितेश हसला नाही. त्याने फक्त बॅग या हातातून त्या हातात घेतली आणि रिकामा झालेला हात तसाच ठेवला, माझ्या हाताच्या जवळ. मी वळून पाहिलं, तर समोरच्या गणपतीचा एक डोळा आखून झाला होता. साक्षीदार मिळाला. अर्धा.

चहा वडखळला झाला नाही, स्टेशनवर झाला. रोह्याची गाडी आली तशी मीही चढले.

"तुम्ही... तू कुठे?" त्याने विचारलं.

"रोह्याला काम आहे."

"काय काम?"

"परतीची गाडी पकडायचीय."

त्याने फटीत बॅग धरली. मी शेंगा सोलल्या. यावेळी सांडपाण्याबद्दल कोणी बोललं नाही, आणि एवढं बोलायचं होतं, की निडी आलं तेव्हा आम्ही जेमतेम त्याच्या शाळेपर्यंत पोचलो होतो. सबब खालील अर्ज.

प्रति, मा. विभागीय रेल्वे व्यवस्थापक यांस. विषय : पेण ते रोहा हे अंतर वाढवून मिळणेबाबत. महोदय, सदर मार्गावर कासू, नागोठणे व निडी एवढीच स्थानके असून, तेवढ्यात दोन प्रवाशांचे बोलणे पूर्ण होत नसल्याचे निदर्शनास आले आहे. तरी रोहा स्थानक आपल्या सोयीने थोडे पुढे सरकवून द्यावे. जादा विजेबाबत हरकत आल्यास दोन्ही अर्जदार शाश्वततेचे प्रशिक्षित असून (पैकी एक जेमतेम) उपाय सुचवण्यास तयार आहेत. नकार द्यावयाचा झाल्यास कृपया कारण कळवावे. आम्ही ते विचारणारच आहोत.