मॉइराच्या रिबन

डाव्या स्पीकरमधली रिबन मधोमध फाटून लोंबत होती. ऑर्विल पेनरी दारातच उभा होता. आत जायला त्याचा पाय उचलत नव्हता.

लॉन्सेस्टनच्या त्या घरात मागच्या खोलीत ते दोन स्पीकर अकरा वर्षं उभे होते, माणसाएवढे उंच. प्रत्येकात जबर लोहचुंबकांच्या मध्ये ॲल्युमिनियमची केसाहून पातळ पट्टी, म्हणजे रिबन, बारीक चुण्या घातलेली. त्या चुण्या मॉइरानं, त्याच्या बायकोनं, हातानं घातल्या होत्या. ती जाऊन दोन वर्षं झाली. तिनं टेपवर वाचून ठेवलेल्या गोष्टी तो दर रविवारी याच स्पीकरवर ऐकायचा. दुसऱ्या कशावर तो आवाज तिचा वाटत नसे.

"उजवी तरी वाचली," तो म्हणाला.

खासगी तपासनीस रोवेना थॉर्न वाकून पाहत होती. तिचा सहकारी गस जवळ सरकला, तसं ऑर्विलनं त्याला मागे ओढलं. रिबनजवळ उसासासुद्धा टाकायचा नाही, तेवढ्यानंही ती फाटते. आणि चावीचं घड्याळ लोहचुंबकापाशी बिघडतं, म्हणून आधी पुढच्या दाराशी वाडग्यात काढून ठेवायचं.

"रिबन कधी बदलल्या होत्या?" रोवेनानं विचारलं.

"कधीच नाही. लटकून वरच्या चुण्या सैल पडतात. मॉइरा त्या दरवर्षी सारख्या करायची. ती गेल्यावर मी हात लावला नाही."

रोवेना दोन्ही स्पीकर बराच वेळ न्याहाळत राहिली.

शुक्रवारी ऑर्विल दिवसभर बहिणीकडे होबार्टला होता, तेव्हाच हे घडलं असणार. बागेकडच्या दाराची किल्ली कुंडीखाली असते, हे तिघांना ठाऊक होतं. तिघांना रविवारी चारला बोलावलं.

साफसफाई करणारी बेरिल आणि इलेक्ट्रिशियन ड्रू वाडग्यापाशी न थांबताच आत आले. गसचा संशय बेरिलच्या व्हॅक्यूमवर होता.

"अरे बाबा, त्या खोलीत मी झाडूसुद्धा नेत नाही. मॉइरानं तसा दमच भरला होता," ती म्हणाली.

ड्रूनं आडपडदा ठेवला नाही. मॉइराकडे त्यानं अशा रिबनची जोडी मागितली होती, तिनं हसण्यावारी नेलं होतं. "मला हव्याच होत्या. पण फाडून काय करू?"

हेक्टर प्राउस लॅमिंग्टन केकचा डबा घेऊन आला. चाळीस वर्षांपासूनचा दोस्त, मॉइराला पुरताना ऑर्विलचा दंड धरून उभा राहिलेला.

"चार म्हणजे चार," मनगट दाखवत तो म्हणाला.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते.

"तुझं घड्याळ मागे पडलंय ऑर्विल, तुझ्यासारखंच. मी शुक्रवारी सकाळीच माझं रेडिओच्या वेळेवर लावलंय." त्यानं घड्याळ काढून वाडग्यात जपून ठेवलं.

रोवेनानं आपला फोन पाहिला. पावणेचारच.

चहा झाल्यावर ती बोलली. "गस, व्हॅक्यूम सोड. फाटलेली रिबन मॉइराची नाहीच. दोन वर्षं लटकलेल्या पट्टीच्या चुण्या वर सैल हव्यात. हिच्या वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत." मग ऑर्विलकडे न पाहता म्हणाली, "उजवीच्याही."

ऑर्विल खाली बसला.

"फाडायचं कुणालाच नव्हतं. खऱ्या काढायच्या, नव्या बसवायच्या, गुपचूप. उजवी बसली. डावी बसवताना चुंबकानं मनगटावरचं पोलादी घड्याळ खेचलं, हाताला हिसका बसला नि पट्टी फाटली. असं घड्याळ मग पुढे पळतं. दोन दिवसांत पाव तास. ड्रू नि बेरिल घड्याळ घालत नाहीत."

"मी? घड्याळ न काढता?" हेक्टर हसला.

"वाडगं दिसलं की तुमचा हात आपोआप मनगटाकडे जातो. बागेच्या दाराशी वाडगं नाही."

हेक्टरनं डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं.

"मागितल्या असत्यास तर दिल्या असत्या मी," ऑर्विल म्हणाला.

"दिल्या असत्यास. तेच तर. माझ्या स्पीकरला तिच्याच हातच्या हव्या होत्या, पण मग जन्मभर तुझ्या उपकारावर ऐकत बसलो असतो."

"आणि मी तिचा आवाज तुझ्या नकली पट्ट्यांवर ऐकायचा?"

"तुला कळलं नसतं."

खऱ्या रिबन हेक्टरच्या घरी कपाटात होत्या, एका लांब पेटीत. ऑर्विलनं आधी पेटी उघडून पाहिली. वरच्या चुण्या सैल. झाकण मिटताना वाऱ्यानं फाटतील म्हणून ती तशीच उघडी, उभी धरून तो निघाला. दाराशी हेक्टर मान खाली घालून उभा होता.

चाळीस वर्षांचं सगळं ऑर्विलच्या ओठांवर आलं होतं. पण ओठांसमोर रिबन होत्या. त्यानं तोंड मिटलं आणि नाकानं हळूहळू श्वास घेत तो हेक्टरसमोरून निघून गेला.